टॉर्चच्या उजेडात

शनिवार, अ‍ॅम्स्टरडॅम.

टीव्हीला आवाज होता, चित्र नव्हतं. दुकानात म्हणाले, हमी संपली, नवाच घ्या. इथे कारागिराचा तासाचा दरच असा, की दुरुस्तीपेक्षा नवा घेणं सोपं वाटावं. मला ते पटेना. आज टीव्ही घेऊन रिपेअर कॅफेत गेलो. मार्टीन पोस्टमा या पत्रकार महिलेने २००९ साली याच शहरात हा उपक्रम सुरू केला. स्वयंसेवक तुमच्या शेजारी बसून तुमचीच मोडकी वस्तू दुरुस्त करायला मदत करतात.

तिथल्या आजोबांनी दिवे मालवून पडद्यावर टॉर्च तिरपी धरली. आणि बातम्या देणारी बाई पुसटशी दिसली! म्हणजे पॅनेल शाबूत, गेला होता फक्त मागचा उजेड. पडद्यामागच्या पट्ट्यांवर एलईडी एकापुढे एक जोडलेले असतात. एकाचा जोड तुटला की दिवाळीच्या माळेसारखी अख्खी ओळ विझते. आजोबांनी प्लग काढून मीटर माझ्या हातात दिलं, मोजायला लावलं. किती आनंद झाला!

युरोपीय संघाच्या नियमानुसार २०२१ पासून टीव्हीचे ठरावीक सुटे भाग निदान ७ वर्षं मिळायला हवेत. फार चांगला नियम. पण भाग बसवणारे हातही टिकायला हवेत. पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या वस्तूंच्या बाजारात, असे हात अजून भेटतात, याचा मला अभिमान वाटतो.

पट्टी मागवली आहे. पुढच्या वेळी मागचं झाकण मीच उघडायचं, असं आजोबांनी बजावलंय.