रिकामा खण

खंडेनवमीच्या सकाळी ग्वाल्हेरात किला गेटवरच्या आमच्या घरात पाट मांडला जातो, आणि आजोबांची म्यान हरवलेली तलवार, आईची विळी, माझी दोन जुनी फाउंटन पेने आणि धाकट्या भावाचे पाने-पक्कड यांच्या पंगतीला गेली पंचवीस वर्षे एक पत्र्याची उभी पेटी येऊन बसते. ती माझ्या संगणकाची पेटी; बाजार तिला कॅबिनेट म्हणतो, घरातली मंडळी सरसकट सीपीयू म्हणतात. मागचे दोन स्क्रू काढून डावीकडचा पत्रा सरकवला, म्हणजे वाड्याच्या महाद्वारातला दिंडी दरवाजा उघडावा तसे तिचे अंतरंग समोर येते. उन्हाळ्याच्या लूने आणून टाकलेली तांबूस धूळ पंख्याच्या पात्यांच्या कडांवर मखमलीसारखी बसलेली असते, आणि मऊ कुंचल्याने ती झाडताना पाती गरगर फिरू नयेत म्हणून पंख्याच्या मध्यावर डाव्या हाताची तर्जनी टेकवून ठेवावी लागते. धूळ निघाली की दिसतात ते खण: वरचे चार मोठे, खालचे चार लहान, त्यांतले तीन भरलेले, बाकीचे रिकामे.

खण हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. आमचे मूळ घर लष्करात, म्हणजे दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला जी छावणी टाकली आणि जिचेच पुढे शहर झाले, त्या शहरातल्या एका गल्लीत होते. त्याचे माप कोणी चौरस फुटांत सांगितल्याचे मला स्मरत नाही. दोन खांबांमधले अंतर तो एक खण, आणि आमचे घर सात खणांचे, असे वडीलधारी माणसे सांगत; प्रत्यक्षात मात्र पणजोबांनी पाचच खण बांधलेले होते. उरलेल्या दोन खणांच्या जागी तुळशीवृंदावन आणि मोकळे अंगण होते, आणि पाचव्या खणाच्या भिंतीच्या टोकाला एकाआड एक वीट चार बोटे बाहेर सोडलेली होती, की पुढे कोणी भिंत वाढवू म्हटले तर नवे काम जुन्यात गुंफले जावे. त्या दोन खणांत कोण राहणार हे पणजोबांना ठाऊक नव्हते. परंतु कोणीतरी येणार आहे याची तजवीज त्यांनी विटांत करून ठेवली होती, आणि वडिलांचे लग्न ठरले त्या वर्षी सहावा खण उभा राहिला तेव्हा गवंड्याला जुन्या भिंतीला टाकीचा एक घावही घालावा लागला नाही.

माझी पेटी १९९९ सालची. दुकानदाराने माझ्यासमोर एकेक जिन्नस बसवून ती जुळवून दिली होती. आत ६४ मेगाबाइट मेमरी होती, आणि मेजावर पोटाशी धरूनच उचलावा लागणारा चौदा इंची मॉनिटर. त्यापूर्वी चार वर्षे, १९९५ साली, इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचा आराखडा जाहीर केला होता: मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब, २४४ रुंद, त्याला बसवण्याची भोके अमुक ठिकाणी, मागची खिडकी अमुक मापाची. या एका कागदी ठरावाचे माझ्यावर केवढे ऋण आहे! त्यानंतर माझ्या पेटीत चार मदरबोर्ड आले आणि गेले, वीज पुरवणारा एसएमपीएस तीनदा बदलला, फ्लॉपीची फट बंद झाली, रुंद राखाडी पट्ट्यांच्या जागी बारीक केबली आल्या, मेमरी ३२ गिगाबाइट झाली, म्हणजे मूळच्या पाचशेबारा पट. परंतु भोकांच्या जागा तसूभर हलल्या नाहीत, आणि दर वेळी तोच पत्रा, तेच स्क्रू पुन्हा कामी आले. हजिरा भागातल्या ज्या कारागिराने शेवटचा बोर्ड बसवला, त्याने पत्र्यावर बोटांनी टकटक करून मला म्हटले होते, "बाबूजी, पेटी अच्छी है, इसे जाने मत देना।"

तीन वर्षांपूर्वी पुतण्याने पहिल्या कमाईतून नवा संगणक आणला. अर्धा किलो मिठाईच्या डब्याएवढा, कडा गोलसर घासलेल्या, अंगावर एकही स्क्रू दिसत नाही आणि कानाला आवाज लागत नाही. मी तो हातात घेतला तेव्हा उत्तम घडवलेल्या वस्तूच्या स्पर्शाने होतो तो आनंद मला निखालस झाला, आणि तो आजही नाकारण्याची माझी इच्छा नाही. त्याच्या बंदिस्तपणाला काही सबळ कारणेही आहेत. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाशसुद्धा तीस सेंटिमीटरच चालतो, बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेतून जाणारा संकेत त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तेवढ्या अवकाशात आजच्या प्रोसेसरचे अनेक ठोके पडून गेलेले असतात. तेव्हा मेमरी प्रोसेसरच्या कुशीत नेऊन झाळली तर वेळ वाचतो, वीजही वाचते, ताप कमी होतो. हे पदार्थविज्ञान आहे आणि त्यापुढे मी मान तुकवतो. परंतु साठवणुकीची चकतीही झाळून टाकावी, झाकण सरसाने चिकटवावे, स्क्रूला असे डोके द्यावे की घरातला कोणताही पेचकस त्यात शिरू नये, यात पदार्थविज्ञान नाही. यात विकणाऱ्याची मर्जी आहे.

हा वाद संगणकाइतकाच जुना आहे. १९७७ च्या ॲपल-२ मध्ये स्टीव्ह वॉझनियॅकने आग्रहाने आठ खाचा ठेवल्या आणि झाकण असे केले की ते नुसत्या हाताने उचलावे. स्टीव्ह जॉब्जला दोनच पुरेशा वाटत होत्या, आणि १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये त्याने एकही ठेवली नाही. त्याच घराण्यात २००० साली पंखा नसलेला एक नितांतसुंदर घनाकृती संगणक जन्मला आणि वर्षभरातच त्याचे उत्पादन थांबले. २०१३ साली व्यावसायिकांसाठी काळा दंडगोल आला, त्याच्या गाभ्यात अधिक उष्णतेच्या नव्या भागांना जागा नसल्याने तो पुढे वाढू शकला नाही, आणि २०१९ साली तीच कंपनी पुन्हा आठ खाचांच्या भरदार पेटीकडे परतली. मला या कथेतला तो दंडगोल फार शोकात्म वाटतो. इतके रेखीव रूप, आणि पुढच्या दिवसासाठी एक वीटही बाहेर सोडलेली नाही.

पुतण्याचे काम चित्रफितींच्या संपादनाचे. गेल्या वर्षी त्याला मेमरी अपुरी पडू लागली, तेव्हा आम्ही दोघे तो डबा फडक्यात गुंडाळून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या तरुणाने तो उलटा केला, सुलटा केला, आणि अदबीने परत दिला. वाटेत पुतण्या म्हणाला, "काका, पूर्ण बोर्डच बदलावा लागेल म्हणतात. त्यात नवा येईल." त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि मला खरे दुःख झाले ते त्याचेच. जुन्या मराठी इनामसनदांत जमीन देताना जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह दिली असे लिहीत. म्हणजे वर दिसते तेवढेच नव्हे, तर खणले असता खाली जे सापडेल तेही दरोबस्त घेणाऱ्याचे. माझ्या मते वस्तूची मालकी ती एवढी असावी. ज्याचे झाकण काढण्याची मला मुभा नाही, ती वस्तू माझ्या मेजावर असली तरी माझ्याकडे ती केवळ वहिवाटीने आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी २०२२ च्या जुलैत समिती नेमली, ती वार्ता मी वर्तमानपत्रातून कापून दप्तरात लावून ठेवली आहे.

त्या संध्याकाळी आम्ही घरी न जाता गुजरी महालावरून किल्ल्याची चढण चढलो. या वाटेवर चतुर्भुजाचे देऊळ आहे. नवव्या शतकात एकाच पाषाणातून कोरलेले, चिमुकले, आपल्या ठायी परिपूर्ण, ज्यात भर घालण्याची कल्पनाही मनात येऊ नये असे. अशा वस्तूंना जगात स्थान आहे, हे ते पाहताना मला नेहमी मान्य करावे लागते. त्याच्या भिंतीवर संवत् ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे, आणि त्यात देवाच्या बागेची लांबी २७० हात लिहिताना कोरक्याने शेवटी एक लहानसे वर्तुळ काढले आहे. त्या वर्तुळात काही नाही. परंतु त्याने जागा अडवून धरली आहे म्हणून सत्तावीसांचे दोनशेसत्तर झाले. वर गेल्यावर मानसिंह तोमराचा मानमंदिर महाल, त्याच्या शेजारी कर्ण महाल, विक्रम महाल, पलीकडे जहांगीर आणि शहाजहान यांच्या नावाचे महाल, आणि दूर १८९७ साली स्थापन झालेल्या सिंदिया स्कूलच्या इमारती. जो आला त्याने आपला खण बांधला. डोंगराच्या माथ्याने प्रत्येकाला जागा दिली. पुतण्या बराच वेळ कठड्याशी उभा होता. उतरताना त्याने विचारले, "तुमच्या पेटीत माझा नवा बोर्ड बसेल का हो?"

यंदाच्या खंडेनवमीला तो डबाही पाटावर होता. त्याला झेंडूचे फूल वाहिले, कोरड्या फडक्याने पुसले, आणि तो आता आईच्या भजनांसाठी देवघराशेजारी ठेवायचा असे ठरले. पेटी पुतण्याने स्वतः उघडली. कुंचला त्याच्या हातात होता, आणि पंख्याच्या मध्यावर बोट मी टेकवले होते. पत्रा सरकवून झाल्यावर मी वाटीतले दोन्ही स्क्रू त्याच्यापुढे धरले. त्याने एकच घेतला. बोर्ड येत्या सोमवारी यायचा होता.