व्हाईट आहे का कुणाकडे?

मंडळी, मागचे दोन विकांत ब्लॉग कोरडाच गेला. कारण घरगुती आहे. दसऱ्याला बीडला गेलो होतो, गाडी घ्यायला. गाडी आणि कर्ज अण्णांच्या नावावर, हप्ता माझा :)

शाळेतला एक मित्र तिथल्या शोरूममध्ये सेल्सला आहे, म्हणून त्याच्याकडेच गेलो. अण्णांची अट एकच: गाडी पांढरी हवी आणि दसऱ्याला खंडेश्वरीच्या देवळापुढे उभी राहायला हवी. दसरा चार दिवसांवर आणि स्टॉकमध्ये पांढरी नाही! मी म्हटलं, "सिस्टिममध्ये बघ ना, बाकीच्या शोरूमला असेल."

तो नुसता हसला. फोन काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "व्हाईट, मिडल, पेट्रोल. आहे का कुणाकडे? अर्जंट." चहा यायच्या आत उत्तर हजर. लातूरला एक गिऱ्हाईक ऐनवेळी फिरलं होतं, त्याची गाडी मोकळी होती. बदल्यात इथली एक राखाडी तिकडे गेली. झालं काम.

मी पोटापाण्यासाठी असलीच सॉफ्टवेअर लिहितो. गिऱ्हाईक कधी आलं, काय म्हणालं, पुढे काय करायचं, सगळ्याला रकाने. सेल्सची पोरं त्या सगळ्यात "कॉल बॅक" एवढंच भरतात, हे मला तिथे बसल्यावर कळलं. खरी सिस्टिम त्यांच्या खिशात असते. बीड, लातूर, जालना, धाराशिव, संभाजीनगर, अहिल्यानगर अशा सगळीकडची सेल्सची पोरं, फायनान्सवाले, विमावाले, पासिंगचे एजंट, जुन्या गाड्यांचे दलाल, सगळे एकाच ग्रुपवर. कुठल्या कारखान्याचं उसाचं बिल निघालं, रिटर्न न भरणाऱ्या शेतकऱ्याला कोणती बँक उभं करते, कुठल्या शोरूमला पगार वेळेवर होतो... हे कुठल्या रकान्यात भरणार?

इथवर मी जाम खूश होतो. मग अण्णांना फोन यायला लागले.

आधी कर्जवाला, मग विमावाला, मग जुनी गाडी घेणारा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अण्णांनी विचारलं, "माझी पेन्शन किती, हे त्या पोराला कसं माहीत रे?" अण्णा रिटायर्ड मास्तर. आवाज चढला नव्हता, पण मला वर्गात उभं केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मित्राला बार्शी नाक्यावर गाठलं. त्याने फोनच पुढे केला. आधार, पॅन, पेन्शनचं पासबुक, सगळ्याचे फोटो ग्रुपवर.

"मुद्दाम नाही रे. कोणती बँक लवकर करतीय ते बघायला टाकलं. सगळे ओळखीचेच हायेत."

"तुझ्या ओळखीचे. अण्णांना त्यातलं कोण ओळखतं?"

तो गप्प. 'सगळ्यांसाठी डिलीट' करून बघितलं, पण त्याची मुदत उलटून गेली होती. मग म्हणाला, "तुला काय, नोकरी गेली तर दुसरी मिळंल. मी शोरूम सोडलं तर माझ्याकडं एवढा ग्रुपच हाय. सहा वर्षांत हेच कमावलंय."

हेही खरंच होतं. मला पटकन उत्तर सुचलं नाही.

परतताना २०१० आठवलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. स्टेट बँकेने कर्ज दिलं ७ टक्क्यांनी. त्याच काळात मराठवाड्यातला शेतकरी ट्रॅक्टरच्या कर्जाला त्याहून कितीतरी जास्त व्याज भरत होता, त्यावर पी. साईनाथांनी लिहिलंही होतं. तिथे गिऱ्हाईकं एकमेकांना ओळखत होती, म्हणून भाव त्यांनी ठरवला. इथे विकणारे एकमेकांना ओळखतात आणि गिऱ्हाईक एकटं. ओळखीचा फायदा ओळखीच्या आत असणाऱ्यालाच होतो. आपले कागद वापरण्याआधी आपली संमती घ्यावी, असा कायदा २०२३ साली संसदेने केला खरा. पण ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या बोटाला तो आठवायला हवा ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राने मला स्क्रीन दाखवली. ग्रुपवर लिहिलं होतं, "गिऱ्हाईकाचे कागद इथं टाकू नका. ज्याचं काम त्यालाच पाठवा, तेपण विचारून." खाली तीन अंगठे आणि लगेच कुणाचं तरी, "ब्लॅक, टॉप, डिझेल आहे का?" असो. तीन तर तीन.

गाडीला हार घातला, नारळ फुटला, भलीमोठी पुठ्ठ्याची चावी अण्णांच्या हातात दिली. मित्राने फोन वर केला आणि थांबला. "अण्णा, फोटो ग्रुपवर टाकू का?"

अण्णांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाले, "टाक. पण आधी टोपी सरळ आहे का बघ."