चोडणची भरती-ओहोटी

नोकरीच्या निमित्ताने तीन वर्षे मी पणजीच्या शाखेत होतो. बिऱ्हाड रायबंदरला होते. गॅलरीतून मांडवी नदी आणि पलीकडचे चोडण बेट रोज दिसे. तरीही त्या बेटावर केवळ पाहण्यासाठी जावे, असे मला एकदाही सुचले नाही. ती उणीव गेल्या शरद ऋतूत, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, सौ.समवेत भरून काढली.

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट अवघ्या काही मिनिटांत पलीकडे पोहोचते. उतरताच जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचे प्रवेशद्वार लागते. १९८७ मध्ये या थोर पक्षितज्ज्ञाचे निधन झाले आणि १९८८ मध्ये बेटाच्या पश्चिम टोकाचे हे कांदळवन अभयारण्य म्हणून राखीव झाले. क्षेत्र केवळ १७८ हेक्टर, म्हणजे सुमारे ४४० एकर. आपल्याकडील एखाद्या मध्यम गावाच्या शिवारापेक्षाही लहान!

आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी ओसरलेले होते. चिखल उघडा पडला होता आणि त्यावर पक्ष्यांची न्याहारी चालली होती. बगळे एकेक पाऊल तोलून टाकत होते. तुतवार मात्र शेपटी सारखी वरखाली हलवीत घाईने धावत होते. काश्मीर-लडाखपासून युरोप-आशियाच्या थंड प्रदेशांपर्यंत वीण करणारा हा पक्षी हिवाळ्यासाठी आपल्या किनाऱ्यावर येतो. वजन जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास. पन्नास ग्रॅम वेलदोड्याची पुडी हातात घेऊन पाहावी, म्हणजे या प्रवासाचे मोल कळेल. पांढऱ्या कंठाचा निळा-हिरवा खंड्या सौ.ला प्रथम दिसला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण झाली आहे. ‘अहो, तिकडे नव्हे, त्या वाकलेल्या फांदीवर!’ हे वाक्य मी दिवसभरात कितीतरी वेळा ऐकले.

दुपारच्या सुमारास भरती आली, तेव्हा होडीतून आत गेलो. येथे भरतीचे पाणी असेल तेव्हाच होडी नीट चालते. नावाड्याने तिवराचे एक पान माझ्या हाती देऊन जीभ लावण्यास सांगितले. पान खारट होते! मुळांवाटे आलेले मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकते. तळाशी चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळे श्वास घेण्यासाठी असतात. गळलेली पाने कुजतात. त्यांवर खेकडे आणि माशांची, कोळंबीची पिल्ले पोसली जातात. ‘साहेब, हे रान म्हणजे मासळीचा पाळणा आणि बांधाची ढाल,’ नावाडी म्हणाला.

त्या वाक्याने मी गप्प झालो.

१९९३ साली मांडवीकाठच्या एका गावी कोळंबी-तलावाच्या कर्जप्रकरणाची स्थळपाहणी मी केली होती. नदी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध होता व बांधाबाहेर असेच कांदळवन. माझ्या अहवालात त्या पट्ट्याबद्दल मी दोन शब्द लिहिले : ‘पडीक, अनुत्पादक’. कर्ज मंजूर झाले आणि झाडे तोडली गेली. दोन पावसाळ्यांनंतर लाटांच्या माराने बांध फुटला. तलाव तर गेलाच, पण खारे पाणी शेजाऱ्यांच्या भातशेतीतही शिरले. तारण भक्कम असल्याने बँकेची वसुली पूर्ण झाली. आमच्या पुस्तकांत तोटा शून्य. शेजाऱ्यांचे नुकसान कोणत्याही खात्यात दाखवले गेले नाही, कारण ते आमचे खातेदारच नव्हते. मी एम.कॉम. झालेला माणूस. जमाखर्च अपुरा राहिला, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

चार वाजता पाणी पुन्हा ओसरू लागले. चिखल दिसताच तुतवार परतले. एक ब्राह्मणी घार नदीवर संथ घिरट्या घालत होती. सौ.च्या वहीत त्या दिवशी तेवीस जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली. त्यांपैकी माझे चारच.

परतीच्या फेरीबोटीत तिने विचारले, ‘आज इतके गप्प का?’ तीस वर्षांत घरी न सांगितलेली ती हकीकत मी तिला सांगितली. ती थोडा वेळ नदीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘त्या शेतकऱ्यांकडे तुम्ही पुन्हा कधी गेलात?’

नाही, गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो. शेतात भात नव्हते, पाणी साचलेले होते. मात्र फुटलेल्या बांधाच्या कडेने तिवराची रोपे कंबरेएवढी वाढलेली दिसली. ती कोणी लावली, हे सांगायला तेथे कोणी भेटले नाही.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे सुट्टीत गोव्यास जातात. ऑक्टोबर ते मार्च या काळात एक दिवस चोडणसाठी अवश्य राखावा. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी, सकाळी लवकर पोहोचावे आणि आवाज शक्य तितका कमी करावा. आणि जमिनीचा व्यवहार करताना एखादा तुकडा ‘पडीक’ म्हणून दाखवला गेला, तर तेथे कोण राहते, एवढे तरी एकदा पाहून यावे.