सेवापुस्तकाबाहेरचा मजकूर

शासकीय नोकरीत माणसाला स्वतःविषयी काही लिहिण्याचा प्रसंग सहसा येत नाही. रुजू झाल्याची तारीख, बदल्या, वेतनवाढी आणि अर्जित रजा यांच्या नोंदी आस्थापना शाखेचा लिपिक सेवापुस्तकात करतो. आपण कसे आहोत हे वरिष्ठ अधिकारी गोपनीय अहवालात लिहितात. आणि आपण किती थोर होतो हे सहकारी निरोपसमारंभात शाल-श्रीफळ हाती देता देता सांगतात. या तिन्ही मजकुरांत आपला स्वतःचा हात कोठेच नसतो. त्यामुळे पाटबंधारे खात्यातून (पुढे त्याचे नाव जलसंपदा विभाग झाले, पण माझ्या पिढीच्या तोंडी जुनेच नाव राहिले) वयाच्या 58 व्या वर्षी कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाल्यावर, आपली ओळख आपल्याच शब्दांत चारचौघांपुढे मांडण्याची कल्पना मला अप्रशस्त वाटली, यात नवल नाही. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना आपली स्तुती आपणच करणाऱ्याची गणना त्यांत केली आहे, आणि त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगणाऱ्यालाही सोडलेले नाही. ज्या घरात हे संस्कार झाले त्या घरातल्या माणसाने लिंक्डइनवर खाते उघडावे, हा काळाचा महिमाच म्हणायचा.

पण गरज उत्पन्न झाली ती कायद्यामुळे. 30 डिसेंबर 2021 पासून धरण सुरक्षा अधिनियम अंमलात आला आणि मोठ्या धरणांचे सर्वंकष सुरक्षा-मूल्यमापन स्वतंत्र तज्ज्ञांच्या मंडळाकडून करवून घेण्याची जबाबदारी धरणमालकांवर पडली. देशात अशी धरणे पाच हजारांहून अधिक, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात, आणि त्यांतील बहुसंख्य मातीची. 1961 च्या जुलै महिन्यात पानशेत फुटले, त्याच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या आणि पुढे अवघी नोकरी मातीच्या धरणांच्या पायथ्याशी काढलेल्या माझ्यासारख्या माणसाचा या कामी उपयोग होण्यासारखा होता. अडचण एवढीच होती की, ज्यांना अशा माणसाची निकड होती त्यांना तो अस्तित्वात आहे हे ठाऊक नव्हते, आणि ते ज्या ठिकाणी शोध घेत होते त्या ठिकाणी तो नव्हता.

माझी भाची पुण्यात हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरभरतीचे काम पाहते. तिने मला उपदेश न करता थेट शोधणाऱ्याच्या बाजूचा पडदा दाखवला, आणि माझ्या मते या विषयात शिकण्यासारखे जे काही आहे ते त्या एका दर्शनात सामावलेले होते. मी मोठ्या अक्षरशुद्धतेने लिहून आणलेला ‘निवृत्त कार्यकारी अभियंता (स्थापत्य), जलसंपदा विभाग, महाराष्ट्र शासन’ हा मजकूर तिने इंग्रजीत करून शोधाच्या चौकटीत टाकला, तेव्हा माझ्याच हुद्द्याच्या माणसांची रांग पडद्यावरून सरकू लागली ती संपेचना. प्रत्येकाच्या वाट्याला बोटभर छायाचित्र, नाव आणि त्याखालची एक ओळ. त्या ओळीला हेडलाइन म्हणतात आणि तिला 220 अक्षरांची मर्यादा आहे. शोधणारा घाईत असला तर तेवढेच वाचून पुढे जातो, आणि तो नेहमीच घाईत असतो.

“मामा, रात्री बारा वाजता खात्यातून तुम्हांला फोन आला, तर तो कशासाठी यायचा?” तिने विचारले.

“गळतीसाठी,” मी म्हणालो. “दुसरं कशासाठी येणार?”

“मग तेच लिहा ना! हुद्दा काय, आणखी हजार जणांना असतो.”

हुद्दा हेच ज्याने आयुष्यभर आडनावासारखे वागवले त्याला हे पचवणे जड जाते; पण तिचे म्हणणे बिनतोड होते. मातीच्या धरणांतील गळतीची तपासणी, उपकरणांनी तिचे मोजमाप आणि दुरुस्ती, असा मजकूर आम्ही इंग्रजीत बसवला, आणि त्यात ‘अर्दन डॅम’, ‘सीपेज’, ‘पीझोमीटर’ हे शब्द हटकून ठेवले, कारण शोधणारा अधिकारी चौकटीत हेच शब्द टाकणार. हुद्दा शेवटी आला, तोही जागा उरली म्हणून.

‘अबाउट’ या सदरावरून मात्र आमचा मतभेद झाला. तेथे 2600 अक्षरे लिहिता येतात आणि त्यांतल्या पहिल्या दोन-तीन ओळीच उघड्या दिसतात. बाकीचा मजकूर वाचकाला मुद्दाम उघडावा लागतो. भाचीने नमुन्यादाखल जो मसुदा दिला त्यात मी ‘पॅशनेट’, ‘डायनॅमिक’ आणि ‘रिझल्ट-ओरिएंटेड’ होतो. मी तिन्ही शब्दांवर काट मारली. आमच्या मोजमाप पुस्तकात नग, लांबी, रुंदी, उंची आणि परिमाण यांना रकाने असतात, विशेषणाला नसतो. आणि ज्या नोंदीवर ठेकेदाराचे देयक निघते ती नोंद नंतर कोणीही टेप घेऊन पडताळून पाहू शकतो, हीच तिची प्रतिष्ठा. स्वतःविषयीही पडताळता येईल तेवढेच लिहायचे, हा दंडक एकदा घालून घेतल्यावर आत्मस्तुतीचा संकोच मला पुन्हा झाला नाही.

म्हणून मी एका पावसाळ्याची हकीकत लिहिली. जलाशयाची पातळी चढू लागली तशी पायथ्याच्या नाल्यातील व्ही-नॉचवरून वाहणारे गळतीचे पाणी वाढले, आणि शाखा अभियंत्याने ते काचेच्या ग्लासात धरून बॅटरीच्या उजेडात दाखवले तेव्हा ते गढूळ होते. गळती सगळ्याच मातीच्या धरणांना असते आणि स्वच्छ पाण्याची गळती फारशी भयावह नसते. पाणी गढूळ झाले की ते धरणाची माती बरोबर आणत आहे असे समजायचे. त्या जागी वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि तिच्यावर मोठी खडी असा उलटा फिल्टर रातोरात घातला. पाणी वाहू द्यायचे, पण माती अडवायची, हे त्यामागचे तत्त्व. निर्णय माझा होता, खडी मजुरांनी वाहिली आणि ग्लास धरण्याची बुद्धी शाखा अभियंत्याची होती, हेही मी तेथे नमूद केले. भाचीने त्यातले एक वाक्यही बदलले नाही.

छायाचित्रासाठी माझ्यापाशी निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसाठी काढलेले, पत्नीसह असलेले संयुक्त छायाचित्र तेवढे होते. ते पाहून भाची इतकी हसली की तिच्या मामीलाही राहवेना. अखेर गच्चीत सकाळच्या उजेडात, भिंतीपुढे, साध्या सदऱ्यात तिने दुसरे काढले. कौशल्यांच्या यादीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही: ज्याने उभ्या जन्मात धरण पाहिलेले नाही अशा माझ्या एका आतेभावाने माझ्या जलशास्त्राच्या ज्ञानाला तत्परतेने दुजोरा दिला, यावरून त्या दुजोऱ्याची किंमत करावी.

शिफारशींचे तसे नाही. गोपनीय अहवालाच्या अगदी उलट, ही शिफारस लिहिणाऱ्याच्या नावानिशी सर्वांना दिसते, आणि ती दाखवायची की झाकायची हे मात्र आपल्या हाती असते. एका ठेकेदाराने आपण होऊन लिहून देण्याची तयारी दर्शवली, तेव्हा मी ती नम्रपणे नाकारली. ज्याची देयके आपल्या सहीने मंजूर झाली त्याच्या तोंडून आपल्या सचोटीचा दाखला घेण्यात स्वारस्य नाही. मी विनंती केली ती त्या ग्लासवाल्या शाखा अभियंत्याला. त्याने माझ्या स्वभावातील तिरसटपणासुद्धा लिहिला. मी तो तसाच राहू दिला.

ओळखी जोडण्याच्या बाबतीत मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे मत माझ्या अनुभवाशी जुळले. नोकरीची वार्ता जिवलगांपेक्षा ओझरत्या ओळखीच्या माणसांकडून अधिक येते, कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही असतेच, असे त्याने 1973 साली मांडले होते; पुढे लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी सभासदांवरील प्रयोगांचे निष्कर्ष 2022 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्यांनी या मताला दुजोरा देऊन एवढी दुरुस्ती सुचवली की, ओळख अगदीच नाममात्र असेल तर तिचा उपयोग पुन्हा घटतो. मी दिसेल त्याला विनंती धाडली नाही. नाशिकच्या मेरी संस्थेत आमचे मातीचे नमुने जात, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत भेटलेल्या एका गृहस्थांना त्या भेटीची आठवण देणारी दोन ओळींची चिठ्ठी जोडून विनंती पाठवली, आणि अशाच काही मंडळींपुरती ओळख वाढवली. मला काम मिळाले ते त्या गृहस्थांच्या परिचयातील, परराज्यातल्या एका अभियंता बाईंकडून. त्यांनी फोनवर माझा हुद्दा विचारलाच नाही. गढूळ पाणी नेमके धरणाच्या कोणत्या भागात दिसले होते, एवढेच विचारले.

ते काम आता झाले आहे, अहवालही सादर झाला आहे. अहवाल धरणमालकाच्या मालकीचा असल्यामुळे त्या धरणाचे नाव, किंबहुना जिल्ह्याचे नावही, मी प्रोफाइलवर घातलेले नाही. केवळ ‘तज्ज्ञ मंडळाचा सदस्य’ एवढी नोंद केली आहे. भाचीच्या मते एवढ्या त्रोटक नोंदीकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही, निदान धरणाची उंची तरी लिहावी. आमचा हा वाद अद्याप मिटलेला नाही.