गड राहिला, मुलूख गेला

किल्ला म्हटलं की आपल्याला आधी चढण आठवते. चढण नसलेला किल्ला म्हणजे माझ्या बाबांच्या लेखी शुद्ध फसवणूक. अजिंक्यताऱ्याच्या सावलीत आयुष्य काढलेला माणूस. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सकाळी नाश्ता करताना माझा नवरा म्हणाला, "बाबा, जहऱ्याला एक किल्ला आहे, येता का?" तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, "उंची किती?"

"कशाची? भिंतीची? असेल दोन-अडीच पुरुष."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं. पण कुवेतमध्ये जानेवारीत घरात बसणं हा गुन्हाच. बाहेर हिंडावं असे इथे वर्षातले तीन-चारच महिने, म्हणून तर आई-बाबांना आम्ही याच दिवसांत बोलावतो. तयारी झाली. थोरल्याने आदल्या रात्रीच आजोबांना टॅबवर या किल्ल्याची माहिती काढून दिली होती आणि बाबांनी चष्मा लावून ती मन लावून वाचली होती, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

साल्मियातल्या आमच्या घरून आम्ही मुद्दाम समुद्राकाठच्या गल्फ रोडने निघालो. शेरेटनच्या चौकात जुन्या शहराची एक वेस उभी आहे, तिला जहरा गेट म्हणतात. दोन्ही बाजूंनी गाड्या वाहतायत आणि मधोमध ही एकटी वेस. "तट कुठंय?" बाबांनी लगेच विचारलं. तट 1957 साली पाडला. तेलाचा पैसा आला, शहर फुगायला लागलं, तट आड यायला लागला. वेशी तेवढ्या ठेवल्या. हा तट बांधलाही होता घाईनेच, 1920च्या उन्हाळ्यात. मध्य अरबस्तानातल्या नज्दच्या बाजूने हल्ला होणार अशी धास्ती होती आणि सगळं गाव काही महिने चिखलमातीत राबत होतं. बाबा म्हणाले, "आमच्याकडं उलटं. दरवाजे ढासळले, तट उभे." त्यांची कळी जरा खुलली होती.

शहरापासून जहरा पश्चिमेला तीसेक किलोमीटर. पूर्वी खजुराच्या बागा आणि विहिरी असलेलं हे गाव वाळवंटातून येणाऱ्या तांड्यांचा थांबा होतं. आता फ्लॅट, दुकानं, उड्डाणपूल. या सगळ्याच्या मध्ये एक बुटका, लालसर मातीचा चौकोन दिसला. धाकटी म्हणाली, "एवढाच?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

कसर अल-अहमर, म्हणजे हा लाल किल्ला, कुवेतचे तेव्हाचे शेख मुबारक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधला. लाल दगड नाही, लाल माती. चार कोपऱ्यांना चार बुरूज, भिंतीत बंदुकीसाठी जंग्या, आत अंगणांना लागून खोल्यांच्या ओळी. भिंतीवर हात ठेवला तर आमच्या गावाकडच्या जुन्या वाड्याच्या भिंतीसारखाच खरखरीत गारवा लागतो. छताकडे आईने आधी पाहिलं. गोल, सडपातळ वासे एकमेकांना खेटून टाकलेत. कुवेतच्या जुन्या घरांत हे वासे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून येत, तिथल्या खारफुटीचे. इथे त्यांना चंदल म्हणतात. वाळवंटात लाकूड नाही, त्यामुळे घराचं आढंसुद्धा समुद्रावरून यायचं. हे वासे आणणारी शिडाची गलबतंच बसऱ्याचा खजूर मुंबईला न्यायची आणि परतताना मलबारचं सागवान, तांदूळ, कापड भरून आणायची. मालक कुवेती, वारा मोसमी आणि हिशेब रुपयांत. कुवेतमध्ये 1961 सालापर्यंत रुपया चालत होता, हे ऐकून थोरल्याला किल्ल्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

बाबांना मात्र एक गोष्ट खटकली. "सगळं नवं दिसतंय." दिसणारच. मातीची भिंत दगडासारखी सोडून देता येत नाही. पाऊस कमी असला तरी जो पडतो तो तिला खातोच, म्हणून ती पुन्हापुन्हा लिंपावी लागते. आज आपण हात लावतो ती माती मूळचीच आहे असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये. माझ्या मते त्यात बिघडलं काही नाही. लिंपणं हाच मातीच्या किल्ल्याचा धर्म. आपल्याकडे दगडी तटाच्या भेगांत सिमेंट भरतात त्यापेक्षा हे बरं, असं मी म्हणाले. बाबांनी त्यावर 2025 साली आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्याचं मला सुनावलं. आम्ही दोघंही बरोबर होतो, म्हणून विषय तिथेच थांबला.

मग बाबांनी अंगणात मुलांना उभं केलं आणि लढाई सांगायला घेतली. सूर थेट पन्हाळ्याचा.

10 ऑक्टोबर 1920. पहाटेची वेळ. नज्दचा सत्ताधीश इब्न सौद याला मानणाऱ्या इखवान या कडव्या पंथाचे सुमारे चार हजार लोक, असं सांगतात, जहऱ्यावर चालून आले. म्होरक्या फैसल अल-दुवैश, मुतैर टोळीचा सरदार. कुवेतचा शेख सालिम स्वतः जहऱ्यात होता. गावात आणि खजुराच्या बागांत झुंज झाली, गाव हातचं गेलं आणि शेख उरलेली माणसं घेऊन या किल्ल्यात शिरला. वेढा पडला. दुवैशने निरोप पाठवला, त्यातल्या अटी ऐकण्यासारख्या होत्या. आमच्या पंथाची शिस्त पाळा, तंबाखू सोडा.

"हे एक बरं सांगितलं," आई म्हणाली. बाबांचा हात नकळत खिशातल्या डबीकडे गेला होता.

"आजोबा, पाण्याची टाकी कुठेत?" थोरल्याने विचारलं. राजगडावर गेल्या वर्षी त्याने टाक्यांचीच मोजदाद केली होती. इथे कातळ नाही, टाकी कोरणार कशात? जहऱ्याच्या विहिरी मचूळ पाण्याच्या. ऑक्टोबरमधली उन्हं आणि आत दाटलेली माणसं. वेढ्याची खरी धार तोफेत नसते, घशात असते. आई मधेच म्हणाली, "आणि एवढ्या माणसांना करून कोण घालत होतं? लढाईच्या गोष्टीत चूल कधी येत नाही." बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढे गेले. रात्री भिंतीवर हल्ले झाले, ते परतवले गेले. कुवेत शहरातून होड्यांनी आणि जमिनीवरून कुमक आली. इखवानांची माणसं फार पडली होती. त्यांनी वेढा उठवला.

इथपर्यंत गोष्ट सरळ होती. आता इंग्रज आले.

इखवान मागे हटले तरी धमक्या चालूच होत्या. तेव्हा ब्रिटिशांनी विमानं पाठवली आणि त्यांच्या तळावर इशाऱ्याची पत्रकं टाकली. कुवेतच्या आखातात युद्धनौका येऊन उभ्या राहिल्या. कारण 1899 साली शेख मुबारक यांनी ब्रिटिशांशी करार केला होता: त्यांच्या परवानगीवाचून परकी सत्तेला जमीन द्यायची नाही, परकी वकील ठेवून घ्यायचा नाही. बदल्यात संरक्षण. आणि हे 'ब्रिटिश' म्हणजे लंडन कमी, हिंदुस्थान जास्त. आखातातल्या ब्रिटिश रेसिडेंटचा कारभार 1873पर्यंत मुंबई सरकारकडे होता, पुढे हिंदुस्थान सरकारकडे गेला. 1903 साली व्हाइसरॉय कर्झन स्वतः कुवेतला येऊन गेला आणि पुढल्या वर्षी इथे पोलिटिकल एजंट बसला.

बाबा बुरुजाच्या सावलीत टेकले. "गंमत बघ. 1660 साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा राजापूरचे इंग्रज तोफ घेऊन आले. कुणाच्या बाजूनं? वेढा घालणाऱ्याच्या. 1818 साली पेशवाई बुडवली आणि आमच्या गडांच्या वाटा, पायऱ्या सुरुंगानं उडवल्या. का, तर पुन्हा कुणी वर जाऊन बसू नये. आणि शंभर वर्षांनी हेच लोक मातीचा एवढासा किल्ला वाचवायला विमानं पाठवतात."

"मग इथे ते चांगले होते?" धाकटीने विचारलं.

"पुढचं ऐक."

पुढचं म्हणजे 1922चा डिसेंबर, उकैर नावाचं बंदर. नज्द, इराक आणि कुवेत यांच्या सीमा ठरवायला सर पर्सी कॉक्स आला, इराकमधला ब्रिटिश हाय कमिशनर. कुवेतच्या वतीने बोलणीला कोण बसलं? मेजर मोर, कुवेतमधला ब्रिटिश पोलिटिकल एजंट. शेख सालिम 1921च्या सुरुवातीलाच वारले होते. नवे शेख अहमद, पण त्यांचा माणूस तिथे नाही. कॉक्सने लाल पेन्सिल घेतली आणि नकाशावर रेघ ओढली, असं तिथे हजर असलेल्या डिक्सन यांनी लिहून ठेवलंय. कुवेत आपला मानत होतं त्या मुलखापैकी जवळजवळ दोन तृतीयांश त्या रेघेपलीकडे, इब्न सौदकडे गेला. म्हणजे वेढा घालणाऱ्याच्या धन्याला लढून जे मिळालं नाही, ते राखणदाराने टेबलावर देऊन टाकलं.

"गड राहिला, मुलूख गेला," बाबा म्हणाले. हे वाक्य त्यांनी आदल्या रात्रीच तयार करून ठेवलं असणार, अशी मला दाट शंका आहे.

अंगणात एक कुवेती आजोबा नातवंडांना घेऊन आले होते. दिशदाशावर जाड लोकरी कोट, डोक्याला लाल-पांढरा घुत्रा. बाबांच्या आवाजाने त्यांचं लक्ष वेधलं असावं. जवळ येऊन त्यांनी मोडक्या, पण ठसठशीत मुंबई हिंदीत विचारलं, "बंबईवाला?" बाबांनी सातारा सांगायचा प्रयत्न केला, पण जुन्या कुवेत्यांच्या नकाशात हिंदुस्थान मुंबईपाशी सुरू होतो आणि केरळात संपतो. त्यांचे वडील लहानपणी त्यांना मुंबईला घेऊन गेले होते, महंमद अली रोडवर. तिथली फालुद्याची चव त्यांनी दोन बोटं जुळवून दाखवली. मग दोघांची वेढ्यावर बोलणी सुरू झाली. "हमारा वेढा चार महिना," बाबा म्हणाले. वेढ्याला हिंदीत काय म्हणतात ते त्यांना सुचलं नाही, म्हणून हाताने गोल काढून दाखवला. कुवेती आजोबांनी मान हलवली, "हमारा छोटा. लेकिन तुम्हारे पास पानी था."

बाबांना यावर उत्तर सापडलं नाही. मला हे फार आवडलं.

परत निघालो तेव्हा महामार्गावर उत्तरेकडे, इराकच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या रस्त्याची पाटी दिसली. "बसरा किती लांब?" बाबांनी विचारलं. कुवेत शहरापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. बाबा गप्प झाले. त्यांच्या लहानपणी साताऱ्याकडच्या गावांत 'बसऱ्याला गेलेले' म्हातारे असायचे. पहिल्या महायुद्धात 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी 1914च्या नोव्हेंबरात त्याच बसऱ्याच्या बाजूला उतरल्या होत्या. पुढे 103वी धरून तिन्ही पलटणी तैग्रिसवरच्या कुतमध्ये तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. तिथे आत इंग्रज सेनापती होता, बाहेर इंग्रज कुमक होती, तरी ती पोचली नाही. घोड्याचं मांस खायला आपले लोक आधी तयार नव्हते, उपासमारीत शेवटी खाल्लं. 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती आणि नंतर तुर्कांच्या कैदेतली ती पायपीट. हे बाबांनी मुलांना सांगितलं नाही. मला सांगितलं, हळू आवाजात.

मुलांचं मागे वेगळंच चाललं होतं. थोरल्याने टॅबवर दुवैशचं पुढे काय झालं ते शोधलं होतं. 1929 साली तो आपल्याच इब्न सौदविरुद्ध उठला, हरला आणि 1930च्या जानेवारीत आसरा मागत आला कुठे, तर कुवेतच्या हद्दीत! ब्रिटिशांनी त्याला ताब्यात घेतलं आणि जिवाची हमी घेऊन इब्न सौदच्या हवाली केलं. 1931 साली तो रियाधच्या तुरुंगात मेला.

"बरं झालं," थोरला म्हणाला. "इथे चार हजार लोक घेऊन आला होता ना?"

"पण तो शरण आला होता," धाकटी म्हणाली. "शरण आलेल्याला देतात का परत? आजोबा, देतात का?"

"कुणाच्या हवाली करतोय त्यावर आहे," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

बाबांनी जावयाकडे पाहिलं, जावयाने आरशात माझ्याकडे पाहिलं. धाकटी ऐकायला तयार नव्हती. तिच्या मते त्याला लाल किल्ल्यातच ठेवायला हवं होतं, खोल्या तर एवढ्या आहेत. थोरल्याच्या मते त्याला आधी मचूळ पाणी प्यायला लावायला हवं होतं. सहावा रिंग रोड आला तरी भांडण मिटलं नव्हतं आणि आई म्हणाली, "आता आधी जेवायचं कुठं ते ठरवा."