खालचा बर्थ

कोपरगावहून कुंभोजच्या बाहुबली तीर्थाला जाण्यास महाराष्ट्र एक्सप्रेस सोयीची. मात्र ती रात्री येते. आम्ही चढलो, तेव्हा डब्यात अंधार होता आणि सौभाग्यवतींच्या खालच्या बर्थवर एक तरुणी तान्ह्या बाळासह निजली होती. तिचा बर्थ सर्वांत वरचा. ‘‘काका, बाळ वरून पडेल हो,’’ ती म्हणाली. मी तिकीट पुढे केले, पत्नीच्या गुडघेदुखीचा दाखला दिला. रात्री 10 ते सकाळी 6 ही झोपेची वेळ, जागा ज्याची त्याची, हा नियमही ऐकविला. बँकेतील सवय! अखेर तिकीट तपासनिसाने तिला उठविले.

ती बाळाला खांद्यावर घेऊन दाराशी उभी राहिली. पत्नीनेच तिला परत बोलावून शेजारी बसविले. मधला बर्थ माझा. तो उघडलेला असल्याने खाली ताठ बसता येत नाही. दोघी माना वाकवून बसल्या होत्या. मला गाढ झोप लागली, हेही सांगितले पाहिजे.

कुंभोजला बाहुबलींच्या 28 फुटी मूर्तीसमोर मी ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणालो. जिला म्हणावयाचे, ती पुण्यालाच उतरली होती. पत्नी गुडघे चोळीत पायरीवर बसली होती.