बाक आणि बँक

'बँक' हा छोटासा इंग्रजी शब्द तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पैसे ठेवायची जागा ती बँक. पण इंग्रजी शब्दकोश उघडा, हा शब्द तेथे दोनदा भेटतो. एकदा पैशांची बँक आणि एकदा नदीचा काठ!

आमच्या आठवीच्या वर्गात एका मुलाने एका इंग्रजी वाक्याचे भाषांतर केले, "शेतकरी बँकेवर बसला." बिचारा शेतकरी नदीकाठी बसला होता. सारा वर्ग हसला. तो मुलगा मान खाली घालून बसला आणि पुढे कित्येक दिवस वाचायला उठेना. मला ते हसणे खटकले. मी या शब्दाचे मूळ शोधू लागलो.

इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांच्या पूर्वज भाषेत बाकाला, बसण्याच्या उंचवट्याला एक शब्द होता. त्यातूनच इंग्रजीत 'बेंच' आला. इ. स. ९ व्या शतकात उत्तरेकडचे व्हायकिंग लोक इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. त्यांच्या बोलीतला त्याच कुळातला शब्द म्हणजे नदीचा 'बँक'. तोच मूळ शब्द इटलीत जाऊन 'बांका' झाला. तेथील सराफ बाजारात बाक किंवा मेज मांडून नाणी बदलून देत. बाकाचे नाव धंद्याला पडले आणि फ्रेंच भाषेतून ते इंग्रजीत आले. दिवाळे निघालेल्याला इंग्रजीत 'बँकरप्ट' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ 'मोडलेला बाक'! मेजवानीचा 'बँक्वेट'सुद्धा मुळात छोटा बाकच.

तेव्हा शेतकऱ्याला बँकेवर बसवणारा मुलगा फारसा चुकला नव्हता. हे सांगताच त्याने मान वर केली आणि विचारले, "सर, मग मराठीतला बाक कुठला?"

प्रश्न नामी होता. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. त्यांच्या 'बांको' शब्दापासून आपला 'बाक' झाला. त्यांच्या भाषेत बांको म्हणजे बाकही आणि बँकही.

आपल्याकडे नाणी पारखून बदलून देणारा तो सराफ. उर्दूतील 'सर्राफ' तोच. शब्द मुळात अरबी. आता मराठी सराफाच्या दुकानात दागिने मिळतात. सावकार बसतो ती 'पेढी'. तिचे नाते 'पीठ' म्हणजे आसन या संस्कृत शब्दाशी सांगतात. इंग्रजीत 'ब्लड बँक', तर मराठीत 'रक्तपेढी'. दोन्हीकडे मुळात बसायचीच जागा. रक्त देणाऱ्याला मात्र तेथे आडवे व्हावे लागते!